चारशे मीटरचं दार

कॅरिबियन समुद्रातल्या साबा बेटावर विमानतळाच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक मोठी फुली मारलेली आहे. वैमानिकांच्या खाणाखुणांत फुलीचा अर्थ एकच : इथे उतरू नका. तरीही शेजारच्या सेंट मार्टिनहून एकोणीस आसनांचं ट्विन ऑटर विमान येतं, कड्याच्या अलीकडे थांबतं, माणसं उतरवतं, दुसरी घेतं आणि निघून जातं. धावपट्टीची लांबी ४०० मीटर, म्हणजे मैदानावर धावण्याच्या शर्यतीसाठी आखलेल्या एका फेरीएवढी. दोन्ही टोकांना सरळ समुद्रात कोसळणारे कडे, एका बाजूला डोंगर. प्रवासी वाहतूक चालणाऱ्या धावपट्ट्यांमध्ये ही जगातली सर्वांत आखूड म्हणून ओळखली जाते. फुली आहे ती परक्यांसाठी. ज्या वैमानिकांनी याच धावपट्टीचं खास प्रशिक्षण घेतलंय त्यांना ती लागू नाही. ‘जगातले धडकी भरवणारे विमानतळ’ अशा याद्यांत साबाचं नाव हमखास असतं, आणि त्या थराराच्या नादात एक साधा प्रश्न राहून जातो. साठ वर्षांत ही धावपट्टी वाढली का नाही, आणि ती आखूड राहिल्यामुळे बेटावरच्या दोनेक हजार माणसांचं काय झालं? माझं म्हणणं असं, की छोट्या बेटाचं आयुष्य त्याच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्या दाराच्या मापावर ठरतं. दार केवढं आहे आणि त्याची किल्ली कुणाच्या कनवटीला आहे, हे कळलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

मराठी वाचकाच्या मनातलं कॅरिबियन बहुधा दोन वाटांनी आलेलं असतं. एक वाट क्रिकेटची : १९७१च्या दौऱ्यातल्या गावसकरांच्या ७७४ धावा, नंतरचा लॉइड-रिचर्ड्सचा संघ, आणि त्यासोबत पाठ झालेली त्रिनिदाद, जमैका, बार्बाडोस ही नावं. दुसरी वाट जाहिरातींची : पांढरी वाळू, निळं पाणी, पाण्यावर वाकलेला माड. साबा दोन्हींत बसत नाही. तेरा चौरस किलोमीटरचं हे बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर. त्याला किनारा असा नाहीच. वेल्स बे नावाच्या एका कोपऱ्यात उन्हाळ्याच्या सुमारास थोडी वाळू येऊन बसते आणि हिवाळ्यातल्या लाटा ती परत घेऊन जातात. माउंट सीनरी हे शिखर ८८७ मीटर उंच. त्याच्या माथ्यावर बहुतेक वेळ ढग बसलेला, आणि त्या ढगाच्या ओलाव्यावर वाढलेलं शेवाळी, दाट जंगल. बेट नेदरलँड्सच्या राज्यात मोडत असल्यामुळे हा डोंगर त्या संपूर्ण राज्याचा सर्वोच्च बिंदू ठरतो; युरोपातल्या नेदरलँड्सचं सर्वांत उंच ठिकाण अवघं ३२२ मीटर आहे. वस्ती मोजून चार गावांची. त्यांतलं राजधानीचं गाव ‘द बॉटम’, म्हणजे तळ, हे समुद्रापासून अडीचशे मीटर वर आहे. डच भाषेतल्या ‘वाडगा’ अशा अर्थाच्या शब्दावरून ते नाव पडलं, असं सांगतात. सांगायचं एवढंच, की हे बेट सगळ्या बाजूंनी पाण्यानं वेढलेलं असूनही पाण्यापाशी पोचणं हीच इथली सर्वांत अवघड गोष्ट होती.

सतराव्या शतकाच्या मध्याला डच वसाहतवाले शेजारच्या सेंट युस्टेशियसहून इथे आले. तेव्हापासून जवळपास तीनशे वर्षं बेटाचं मुख्य दार होतं ‘लॅडर’. पश्चिमेच्या खडकाळ किनाऱ्यावरून कड्यात खोदलेल्या सुमारे आठशे पायऱ्या. समुद्र शांत असेल तेव्हा जहाज बाहेर उभं राहायचं, होडी लाटांवर तोल सांभाळत खडकाशी यायची, कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं माल झेलायची आणि डोक्यावर घेऊन वर चढायची. पीठ, लाकूड, कौलं, चर्चचं सामान, एवढंच काय पियानोसुद्धा याच पायऱ्यांनी वर गेला. एवढ्या अरुंद दाराचा पहिला परिणाम संरक्षणाचा. वरून दगडांचे ढीग लोटून हल्लेखोरांना परतवल्याच्या हकिगती बेटाच्या इतिहासात आहेत. आपल्याकडच्या गडांच्या गोष्टी ऐकलेल्याला ही युक्ती नवी नाही. दुसरा परिणाम जास्त खोलवरचा. ज्या काळात भोवतालची बेटं उसाच्या मोठमोठ्या मळ्यांनी भरून गेली, त्या काळात साबावर तसे मळे उभे राहू शकले नाहीत. सपाट जमीन नव्हती, आणि साखरेची पिंपं उतरवायला धक्का नव्हता. म्हणून इथे छोटी शेतं, मासेमारी, होड्या बांधणं आणि जहाजांवरची नोकरी यांवर समाज उभा राहिला. मात्र याचं चित्र गोड रंगवण्यात अर्थ नाही. गुलामगिरी इथेही होती. डच वसाहतींत ती कायद्यानं संपली ती १ जुलै १८६३ला, ब्रिटिश वसाहतींनंतर जवळजवळ तीन दशकांनी. लॅडरच्या पायऱ्यांवर डोक्यावरून गेलेल्या ओझ्यांतली पुष्कळ ओझी मर्जीनं उचललेली नव्हती.

दार अरुंद म्हणजे घर बंद, असं मात्र नव्हतं. साबाची माणसं जगात कायम हिंडत होती. कदाचित मोठ्या, सपाट बेटांवरच्या माणसांपेक्षा जास्त. पुरुष खलाशी आणि कप्तान झाले. १९०९मध्ये फ्रेडरिक सिमन्स यांनी द बॉटममध्ये नौकानयनाची शाळा काढली आणि धक्का नसलेल्या या बेटानं दर्यावर्दींची एक पिढी तयार केली. पुढे कुरसाव आणि अरुबा इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी पुरुषांना ओढून नेलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेटावर बायकांची संख्या एवढी जास्त होती, की ‘बायकांचं बेट’ असंच त्याला म्हणत. इथल्या बायकांनी त्याआधीपासून काय केलं ते पाहण्याजोगं आहे. मेरी गर्ट्रूड जॉन्सन ही इथली मुलगी व्हेनेझुएलातल्या काराकासला जोगिणींच्या मठात शिकायला गेली होती. कापडातले धागे ओढून, उरलेल्या धाग्यांवर सुईनं जाळी विणण्याची कला ती तिथून घेऊन आली. १८७०च्या दशकात ती घरोघर पसरली. १८८४मध्ये टपालसेवा सुरू झाली आणि बायकांनी अमेरिकेतल्या पत्त्यांवर स्वतःच पत्रं लिहून मालाची ओळख करून द्यायला सुरुवात केली. टेबलक्लॉथ, रुमाल, झबली असं सगळं लॅडरवरून खाली उतरायचं आणि टपालानं परदेशी जायचं. १९२८च्या सुमाराला वर्षाला पंधरा हजार डॉलरच्या आसपासचा माल जात होता. हा व्यवसाय या दाराच्या मापाला अगदी नेमका बसत होता, हे लक्षात घ्यायला हवं. साखरेचं पिंप कड्यावरून उतरवणं परवडत नाही. पण पाकिटात मावणाऱ्या, वजनाला हलक्या आणि किमतीला भारी वस्तूला आठशे पायऱ्या आड येत नाहीत. पुढे बेटानं केलेल्या बहुतेक यशस्वी गोष्टी याच गणितानं झालेल्या दिसतात.

रस्त्याची गोष्ट साबावर लहान मुलांनाही पाठ असते. डच इंजिनिअरांनी बेट पाहून सांगितलं, की इथे रस्ता होणं शक्य नाही. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल नावाच्या स्थानिक माणसाला ते पटलं नाही. त्यानं टपालानं अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि १९३८मध्ये गावातली माणसं हाताशी धरून काम सुरू केलं. यंत्र नाही, टिकाव, फावडी, ढकलगाड्या आणि दगडी बांधकामाची पिढीजात जाण, एवढ्यावर. १९४३मध्ये किनाऱ्यावरचं फोर्ट बे ते द बॉटम हा पहिला टप्पा झाला. बेटावर पहिली मोटार आली १९४७मध्ये, म्हणजे मोटारीच्या आधी चार वर्षं रस्ता तयार होता. पुढे १९५१पर्यंत तो विंडवर्डसाइड गावाला आणि १९५८मध्ये उत्तर टोकाच्या वस्तीला पोचला. आजही बेटावर तोच एक मुख्य रस्ता आहे, ‘द रोड’. दुसरं नाव द्यायची गरज पडली नाही. आपल्याकडच्या कुठल्याही घाटाला लाजवील अशी त्याची वळणं, कडेला हातानं रचलेले दगडी कठडे. वाहनं कमी, माणसं ओळखीची, त्यामुळे रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्या गाडीला हात करणं ही इथली रूढ प्रवासपद्धत. या रस्त्याचं कौतुक ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून पुष्कळ होतं. मला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते : बेटानं आपलं दार कुठे आणि केवढं करायचं, हे पहिल्यांदा स्वतः ठरवलं.

विमानतळाचंही तसंच. बेटाच्या ईशान्येला फ्लॅट पॉइंट नावाची जागा आहे. ज्वालामुखीतून आलेल्या लाव्ह्याची समुद्रात शिरलेली जीभ. साबावरचा जवळजवळ एकमेव सपाट तुकडा. सेंट बार्थेलमीचा धाडसी वैमानिक रेमी द हेनन यानं तो हेरला, गावकऱ्यांनी दगड वेचून, खड्डे बुजवून जमीन हातानं सारखी केली, आणि ९ फेब्रुवारी १९५९ला त्यानं तिथे आपलं छोटं विमान उतरवून दाखवलं. ते पाहायला सगळं बेट लोटलं होतं, असं सांगतात आणि ते सहज पटतं. विमान उतरू शकतं हे सिद्ध झाल्यावर सरकारी पैसा आला, आणि १९६३मध्ये विमानतळाचं रीतसर उद्घाटन झालं. सेंट मार्टिन इथून पंचेचाळीस किलोमीटरवर. हवेतला प्रवास बारा-पंधरा मिनिटांचा. १९७२मध्ये फोर्ट बेला धक्का झाला आणि लॅडरचं काम संपलं. म्हणजे एका माणसाच्या हयातीत साबाचं दार आठशे पायऱ्यांपासून विमानापर्यंत आलं. ज्यानं लहानपणी डोक्यावरून पीठ वाहिलं, त्यानं म्हातारपणी हातात बॅग घेऊन विमान पकडलं. आणि मग दार वाढायचं थांबलं.

ते थांबल्यामुळे काय झालं, हे कळायला सेंट मार्टिनकडे पाहावं. तिथल्या डच भागातल्या विमानतळाची धावपट्टी सुमारे २,३०० मीटर. मोठाली जेट विमानं किनाऱ्यावर झोपलेल्या पर्यटकांच्या डोक्यावरून उतरतात. बंदरात एका वेळी अनेक क्रूझ जहाजं लागतात आणि चांगल्या वर्षी दहा लाखांहून कितीतरी अधिक प्रवासी काही तासांसाठी खाली उतरतात. तिथल्या फिलिप्सबर्ग शहराच्या फ्रंट स्ट्रीटवर दागिने, घड्याळं, कॅमेरे यांच्या दुकानांची रांग आहे, आणि त्यांतली बरीच दुकानं भारतातून गेलेल्या सिंधी व्यापाऱ्यांची आहेत. उल्हासनगर-मुंबईशी नातं असलेली आडनावं तिथे पाट्यांवर वाचायला मिळतात. या व्यवहारानं पैसा आला, लोकसंख्या अनेक पटींनी वाढली, टेकड्यांवर घरं चढली, रस्ते तुंबले. साबावर मोठं क्रूझ जहाज लागूच शकत नाही. जेट उतरू शकत नाही. एका विमानातून जास्तीत जास्त एकोणीस माणसं येतात, आणि जो एवढा खटाटोप करून येतो तो बहुधा रात्री राहतो, डोंगर चढतो किंवा पाण्याखाली उतरतो. १,०६४ पायऱ्या चढून ढगातल्या जंगलात जाणारा पाहुणा आणि चार तासांत घड्याळ विकत घेऊन जहाजावर परतणारा पाहुणा यांत नैतिक फरक काही नाही. पण दोघांमुळे बनणाऱ्या गावांत फरक पडतो.

त्या मापाला बसेल असा व्यवसाय बेटानं शोधलेला दिसतो. १९८७मध्ये साबानं आपल्या चहूबाजूंचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून राखून ठेवला. नांगर टाकल्यानं प्रवाळ मोडतं, म्हणून होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये बसवले, आणि पाणबुड्या पर्यटकांकडून शुल्क घेऊन त्यातून उद्यानाचा खर्च भागवायची व्यवस्था केली. समुद्रतळावरून उठणारे प्रवाळांनी मढलेले सुळके हे इथलं खरं आकर्षण. जो डोंगर वर दिसतो त्याचाच खालचा भाग. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक खासगी वैद्यकीय महाविद्यालय आलं. अमेरिका-कॅनडातले शेकडो विद्यार्थी इथे पहिली काही सत्रं शिकतात, खोल्या भाड्यानं घेतात, किराणा भरतात, आणि बेटाच्या अर्थकारणाचा मोठा भार उचलतात. बायकांनी विणलेली जाळी, म्हणजे ‘साबा लेस’, प्रवाळ आणि वैद्यकीय पदवी या तीन गोष्टींचा एकमेकींशी वरकरणी काही संबंध नाही. पण तिघींनाही मोठं दार लागत नाही. अर्थात समुद्राला दार नसतंच. २०२३च्या उन्हाळ्यात कॅरिबियनचं पाणी तापलं तेव्हा ठिकठिकाणचे प्रवाळ पांढरे पडले. त्या तापाला धावपट्टीच्या टोकाची फुली वाचता येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. साबानं काही ठरवलं वगैरे नाही, कडे आडवे आले म्हणून धावपट्टी वाढली नाही. आता नाइलाजाला धोरण म्हणण्यात काय हशील? हे निम्मं खरं आहे. फ्लॅट पॉइंटपलीकडे समुद्र आहे, आणि तो भरून काढणं दोन हजार वस्तीला परवडणारं नाही. पण निसर्गानं घातलेली मर्यादा स्वीकारायची की तिच्याभोवती धडपडत राहायचं, हा निर्णय माणसांचाच असतो. समुद्र राखीव ठेवण्याची सक्ती साबावर कुठल्या कड्यानं केली नव्हती. घरांच्या भिंती पांढऱ्या, छपरं तांबडी, खिडक्यांच्या कडा हिरव्या, हे रूप जपण्याचीही नाही. शिवाय नाइलाज नसलेल्या बेटाचं काय होतं याचं उदाहरण फार लांब नाही. साबाच्या जवळजवळ सरळ पूर्वेला, दीडशे किलोमीटरवर, बार्बुडा आहे : साबापेक्षा बारा पट मोठं, सपाट, मैलोन्‌मैल वाळूचं, आणि वस्ती साबापेक्षाही कमी. तिथली जमीन गुलामगिरी संपल्यापासून सगळ्या बेटवासीयांची सामायिक मानली जात असे, आणि २००७च्या कायद्यानं ती परंपरा लिखित झाली. सप्टेंबर २०१७मध्ये इर्मा चक्रीवादळानं बार्बुडातली बहुतेक घरं मोडली आणि सगळ्या रहिवाशांना अँटिग्वाला हलवलं गेलं. घरधनी घरी नसतानाच खासगी जेट उतरू शकतील अशा नव्या विमानतळासाठी जमीन सपाट व्हायला लागली, आणि सामायिक मालकीचा कायदाही बदलला. बेटवासीयांनी हा प्रश्न कोर्टात नेला. या कामाला आव्हान देण्याचा अधिकार त्यांना आहे, हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायालयानं मान्य करेपर्यंत २०२४ उजाडलं, आणि त्याच वर्षी विमानतळ सुरूही झाला. विमानतळाच्या बाजूनं बोलणारे रोजगाराकडे बोट दाखवतात आणि ते बोट खोटं नाही. पण दाराचं माप घरातल्यांना न विचारता घेतलं गेलं, हेही खोटं नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा. अरुंद दाराचं कौतुक पाहुण्यानं करावं. आत राहणाऱ्याला त्याची किंमत रोज मोजावी लागते. पीठ, दूध, भाजी, सिमेंट, गाडीचा सुटा भाग, सगळं सेंट मार्टिनहून मालाच्या बोटीनं येतं; समुद्र खवळला की बोट येत नाही आणि दुकानातली फळी रिकामी दिसते. नदी-ओढा नाही, म्हणून घराच्या खाली टाकी बांधून छपरावरचं पावसाचं पाणी साठवायचं. पावसानं दगा दिला तर टँकर मागवायचा. विमानाचं तिकीट पंधरा मिनिटांच्या प्रवासाला शोभणारं नसतं. शाळा संपली की मुलं बाहेर जातात. वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या बेटावरची मुलं उच्च शिक्षणासाठी बेट सोडतात, यातला विरोधाभास तिथल्या पालकांच्या नजरेतून सुटलेला नाही. डच राज्याचा भाग असूनही इथलं किमान उत्पन्न इथल्या महागाईला पुरत नाही, हे डच सरकारनंच नेमलेल्या समितीनं २०२३मध्ये लिहून दिलं. हे सगळं मान्य करायलाच हवं. माझं उत्तर एवढंच, की यांतल्या किती अडचणी आखूड धावपट्टीमुळे आहेत आणि किती वस्ती लहान असल्यामुळे, हे वेगळं करून पाहावं. दोन हजार माणसांच्या गावाला हृदयरोगतज्ज्ञ पूर्णवेळ मिळत नाही, मग त्याला धावपट्टी कितीही लांब द्या. धान्य न पिकणाऱ्या डोंगरावर पीठ बाहेरूनच येणार. मोठ्या धावपट्टीनं तिकीट कदाचित स्वस्त होईल, पण स्वस्त तिकिटाबरोबर जमिनीला गिऱ्हाईक येतं, आणि तेरा चौरस किलोमीटरवर घरबांधणीजोगी जमीन आधीच मूठभर आहे. तरुण जोडप्याला पिठाचा भाव सोसतो. जमिनीचा सोसेनासा झाला तर ते परत येत नाही. काही गोष्टी दार न रुंदावताही सुधारता येतात. गेल्या काही वर्षांत सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवल्यामुळे उन्हाच्या दिवसांत काही तास डिझेल जनरेटर बंद ठेवता येऊ लागले आहेत. तेवढं डिझेल बोटीनं आणावं लागत नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. हे दार लहान ठेवायला जो पैसा लागतो तो साबाचा नाही. १० ऑक्टोबर २०१०ला, साबा ज्याचा भाग होतं तो नेदरलँड्स अँटिलीस हा घटक विसर्जित झाला; साबा नेदरलँड्सची ‘विशेष नगरपालिका’ झालं. २००४च्या सार्वमतात ८६ टक्के मतदारांनी हाच पर्याय निवडला होता. आज इथे चलन अमेरिकी डॉलर, घरातली भाषा इंग्रजी, शाळेचं माध्यम इंग्रजी, कायद्याची भाषा डच, आणि अडीअडचणीचा खर्च हेग शहरातल्या मंत्रालयांचा. इथे येणाऱ्या विमान कंपनीत डच सरकारचा छोटा हिस्सा आहे, बोटीच्या सेवेलाही आधार आहे. हा आधार नसता तर एकोणीस आसनांच्या विमानांवर बेट जगवणं परवडलं नसतं, आणि मग साबालाही मोठ्या जहाजांची स्वप्नं पडली असती. थोडक्यात, शेजारच्या स्वतंत्र बेटांनी साबाकडून धडा घ्यावा असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्या पाठीशी श्रीमंत राज्य नाही. आणि जो खर्च करतो त्याच्याकडे किल्लीची दुसरी प्रत असते. साबावर जिथून डच वसाहतवाले आले ते सेंट युस्टेशियस इथून डोळ्यांसमोर दिसतं. फेब्रुवारी २०१८मध्ये तिथला कारभार बिघडल्याचं कारण देऊन डच सरकारनं निवडून आलेली बेट-परिषद बरखास्त केली आणि कारभार हातात घेतला. साबाचा कारभार नीट मानला जातो म्हणून तिथे तसं घडलं नाही. पण घडू शकतं, हे दोन्ही बेटांना कळलं.

इर्मानं आणखी एक गोष्ट उघडी केली. ६ सप्टेंबर २०१७ला ते वादळ या टापूतून गेलं तेव्हा साबावर छपरं उडाली, डोंगर झाडोरा गमावून तपकिरी झाला. तरी पिढ्यान्‌पिढ्या वाऱ्याशी झगडलेली ठेंगणी, घट्ट घरं बऱ्यापैकी टिकली. सेंट मार्टिनच्या विमानतळाची इमारत मात्र मोडली, आणि साबाचं दार धड असूनही निरुपयोगी झालं, कारण ते ज्या अंगणात उघडतं ते अंगणच राहिलं नव्हतं. लहान दारवाल्याला शेजाऱ्याचं मोठं दार लागतं. सेंट मार्टिननं जेट घेतली नसती, तर साबाला ट्विन ऑटरवर भागवता आलं नसतं. साबाची शांतता थोडीशी सेंट मार्टिनच्या गोंगाटावर उभी आहे, ही गोष्ट तिथल्या माहितीपत्रकांत सापडत नाही.

सध्या खल चालतो तो बंदराचा. फोर्ट बेच्या धक्क्याला वादळात आसरा नाही. मोठं वादळ येणार कळलं की होड्या दुसरीकडे न्याव्या लागतात किंवा उचलून वर ठेवाव्या लागतात. साबा बँक या जवळच्या विस्तीर्ण, उथळ समुद्रपठारावर शेवंडांची मासेमारी चालते, आणि ती करणाऱ्यांना सुरक्षित बंदर हवंच आहे. दुसरीकडे, खोल पाण्याचा चांगला धक्का झाला की त्याला कोण लागणार, हाही प्रश्न आहे. होड्यांना पुरेल पण क्रूझला पुरणार नाही, अशी खोली आखता येते. १९५९ सालच्या माणसांनी फ्लॅट पॉइंटवर जे केलं तेच पुन्हा, फक्त या वेळी मोजपट्टी आणि पैसा दोन्ही बाहेरून येणार.

साबावर पूर्वापार घराच्या अंगणातच घरच्यांना पुरण्याची रीत आहे. वाळत घातलेल्या कपड्यांच्या पलीकडे आजोबांची पांढरी कबर दिसते. जन्माचं तसं नाही. बाळंतपणाची पूर्ण सोय बेटावर नसल्यामुळे दिवस भरत आले की गरोदर बाई बॅग भरते आणि सेंट मार्टिनला जाऊन राहते, कधी आईबरोबर, कधी एकटी. बाळ काही दिवसांचं झालं की त्याला दुपट्यात गुंडाळून विमानात बसवतात, आणि पंधरा मिनिटांनी ते पहिल्यांदा आपल्या बेटावर येतं : एका बाजूला डोंगर, दोन्ही टोकांना समुद्र, खाली पांढरी फुली.